डोळे चोळू नको!

आंबा सुपारीएवढा झाला की आमच्या आळीत एक हाक सुरू होते: "अरे, डोळे चोळू नको!"

शेजारचा दहा वर्षांचा मुलगा गेले तीन उन्हाळे ती ऐकतो आहे. सकाळी पडवीत येतो तो कपाळावर आडवा हात धरून. डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिकट, दोरीसारखी तार. बाकीची पोरं भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत क्रिकेट खेळायला पळतात. हा आत, खिडकी लोटून. वर्गात फळ्याकडे पाहिलं की पाणी वाहतं. बाई आळशी म्हणतात, मुलं 'दारुड्या'. दुखतंय असं तो आता सांगतही नाही. सांगून काय, तर गुलाबपाणी, नजर काढणं आणि "मोठा झालास की जाईल".

ही डोळ्यांची साथ नव्हे. ती आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते. हा ॲलर्जीचा दाह, व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस. उष्ण हवेच्या मुलखात, साधारण पाच ते पंधरा या वयात, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. वरची पापणी उलटली तर आत पाखाडीच्या दगडांसारखे उंचवटे दिसतात, आणि पापणी लवेल तसे ते बुबुळावर घासतात. वयात आल्यावर बहुतेकांचा त्रास ओसरतो, हे खरं. पण तोवर शाळा संपत आलेली असते, त्याचं काय?

इटलीतल्या डॉक्टरांनी 2007 मध्ये अशा मुलांसाठी 16 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तीत खाज आहे, तसं बाहेर खेळणं आणि मित्रांना भेटणंही आहे. आपल्याकडे मुलाला विचारायची रीतच नाही. तो समोर बसलेला असतो आणि आपण त्याच्या आईला विचारतो.

खरा घात थेंबांत आहे. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडचे थेंब देतात, डोळ्यांची लाली जाते. पुढच्या खेपेला आपण रिकामी बाटली घेऊन थेट दुकानात: "हेच द्या." चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही, पण दुकानदार ओळखीचा. महिनोन्‌महिने असे थेंब घातले तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. बाटली पुढे करणारा हात आपलाच असतो.

थंड पाण्याच्या घड्या, टोपी, ॲलर्जीचे नेमाने घालायचे थेंब, आणि स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टरांच्या नजरेखाली, दाब मोजत. बऱ्याच मुलांचं एवढ्यावर भागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून मुलांच्या तपासणीसाठी शाळांमध्ये येतं. त्या दिवशी 'काही नाही हो' म्हणू नका. गणपतीला चाकरमान्यांसाठी आपण आठ दिवस रजा टाकतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अर्धा दिवस जड होतो.

परवा त्या मुलाच्या आईने फडताळ आवरलं. बाटल्या पाच निघाल्या. चिठ्ठी एकच, तीन वर्षांपूर्वीची.