उसवता येते ती लोकर

विणकाम करणाऱ्या बाईला 'तुमची आवडती लोकर कोणती?' असं विचारायचं असेल, तर घरून डबा बांधून न्यावा. उत्तर जेवणाच्या वेळेपर्यंत चालतं. आमच्या घरी विणणारी म्हणजे आई. सत्तरी ओलांडली, तरी दहा नंबरच्या सुया हातातून सुटलेल्या नाहीत.

तिची सगळ्यांत नावडती लोकर मोहेर. वास्तविक दिसायला काय देखणी! ढगाचा दोरा काढावा तशी. अंगोरा बकरीचे केस म्हणजे मोहेर, आणि अंगोरा लोकर मात्र सशाची. अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचं जुनं नाव. एकाच नावावर बकरी आणि ससा अशी दोन खाती आमच्याकडे कुणी उघडली असती, तर ऑडिटरने त्याला दुपारचा चहा गोड लागू दिला नसता. पण आईची तक्रार वेगळी आहे. मोहेर उसवता येत नाही. केसांत केस असे गुंततात, की चुकलेला टाका सोडवताना दोराच तुटतो. "मेली लाघवी माणसासारखी आहे," आई म्हणते, "गळ्यात पडते, पण सोडत नाही."

सुती दोऱ्यावरही तिची मर्जी नाही. त्याला ताण नाही, त्यामुळे ढिला टाका जन्मभर ढिलाच दिसतो. मला हा दोरा जवळचा वाटतो. बँकेतही एंट्री पुसता येत नाही. उलटी एंट्री टाकायची, आणि मग दोन्ही कायम दिसत राहतात! ॲक्रिलिकला ती फारशी नावं ठेवत नाही. १९५० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने 'ऑर्लॉन' नावाने ते बाजारात आणलं. स्वस्त, कसर लागत नाही, पण गरम इस्त्री फिरली की जीव गेल्यासारखं लोळागोळा होतं.

आणि आवडती? मेंढीची साधी लोकर. तिचा तंतू मुळातच नागमोडी. ओढला की ताणतो, सोडला की माघारी येतो. वरखाली झालेले टाके एका धुण्यात समजुतीने सारखे होतात. (गरम पाण्यात चोळू नये. तंतूवरचे बारीक खवले एकमेकांत अडकून मोठ्याचा स्वेटर बाहुलीला होतो.) मुख्य म्हणजे ती उसवता येते. उसवायची, लडी करायची, धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची, की पुन्हा सरळ.

इथवर सगळं ठीक होतं. गेल्या दिवाळीत मात्र आईने बाबांचा राखी स्वेटर बाहेर काढला आणि म्हणाली, "हा उसवते. नाशिकच्या बाळाला होईल."

बाळ माझ्या बहिणीचं. त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नव्हतं. पण बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या स्वेटरचा उजवा खांदा अजून त्यांच्यासारखाच जरा उतरता होता.

"अगं, आठवण आहे ती त्यांची."

"मग? लोकर कुठे टाकून देतेय?"

मुदत ठेवीचं नूतनीकरण झालं, की पावती नवी येते, मुद्दल तेच. हे मी काउंटरवर रोज लोकांना समजावतो. पण आठवणीचं मुद्दल कशात असतं, लोकरीत की आकारात? मी आकाराच्या बाजूने बराच वेळ बोललो. आई लोकरीचं टोक शोधत होती.

"अरे, हा आधी माझाच होता," ती सहज म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतला. ह्यांना खोकला जडला, तेव्हा उसवून ह्यांना केला. तेव्हा तुझ्या आजीनं विचारलं नाही, सुनेची आठवण कुठे गेली म्हणून."

ह्यावर काय बोलणार? तरी माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. तो उतरता खांदा गेला, तो कुठल्याही धुण्यात परत येणार नाही. हा तोटा वहीत दिसलाच पाहिजे. बाळ त्या स्वेटरात फार गोड दिसतं, हे जमेच्या बाजूला. दोन्ही बाजू जुळवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

बाळाचा स्वेटर तो केवढा! लोकर उरली. तिचा गुंडा मी आईकडून मागून घेतला आणि कपाटात मुदत ठेवीच्या पावत्यांशेजारी ठेवला आहे. नॉमिनी अजून नेमलेला नाही.