कर्नल रीस्टार्ट केल्यावर काय उरतं?

सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलचं जर्नल ज्यांनी भरलंय, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. जर्नलमधला आलेख नेहमी सरळ येतो. लॅबमध्ये तार गरम होते, स्टॉपवॉच उशिरा दाबलं जातं, काटा थरथरतो. यातलं काहीही फेअर जर्नलमध्ये पोचत नाही. रीडिंग आधी आणि उत्तर नंतर, हा क्रम फक्त कागदावर असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उत्तर ठरलेलं असतं आणि रीडिंग त्याच्या मापाने शिवली जातात.

आता जर्नलची जागा हळूहळू नोटबुक घेतंय. वही या अर्थाचं नाही, संगणकावरचं. एकाच पानावर थोडा मजकूर, त्याखाली कोडचा एक चौकोन म्हणजे सेल, आणि सेल रन केला की लगेच खाली उत्तर किंवा आलेख. यातलं सगळ्यात परिचित नाव म्हणजे ज्युपिटर. फर्नांडो पेरेझ याने २००१ मध्ये, भौतिकशास्त्रात पीएचडी करत असताना, आयपायथन लिहायला सुरुवात केली. त्यातूनच २०१४ मध्ये ज्युपिटर हा प्रकल्प वेगळा झाला. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांच्या नावांवरून हे नाव बनलं. शिवाय गुरूचे चंद्र टिपणाऱ्या गॅलिलिओच्या वह्यांना त्यात मानवंदनाही आहे.

नोटबुकचं आकर्षण नैतिक स्वरूपाचं आहे. 'मी हे असं केलं, बघा' असं ते पान म्हणतं. कोड समोर, उत्तर समोर, मग लपवायला जागा कुठे?

जागा आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समजा एका विद्यार्थ्याकडे दहा दिवसांच्या पावसाची नोंद आहे. एकूण पाऊस १२० मिलिमीटर, चार दिवस कोरडे. पहिल्या सेलमध्ये तो फाइल वाचतो. दुसऱ्यात, सहज बघू म्हणून, कोरडे दिवस काढून टाकतो. तिसऱ्यात सरासरी काढतो: २०. मग दुसरा सेल उगाच अडगळ वाटतो म्हणून डिलीट करतो. आता पानावर दिसतं ते असं: फाइल वाचली, सरासरी काढली, उत्तर २०. खरं उत्तर १२ आहे. पण सेल पुसला तरी त्याचा परिणाम पुसला जात नाही. पानामागे कर्नल नावाचा प्रोग्रॅम चालू असतो, आणि त्याच्या मेमरीत कोरडे दिवस गाळलेलाच डेटा बसलेला असतो. पान एक सांगतं, मेमरी दुसरं. सेलच्या कडेला कंसात १ नंतर थेट ३ हा आकडा दिसतो, एवढाच काय तो पुरावा.

हे खोटं आहे का? खोटं बोलायला हेतू लागतो असं आपण लहानपणापासून मानत आलो आहोत. इथे हेतू नाही. पानावरची प्रत्येक ओळ खरी आहे. तरीही वाचणारा फसतो. म्हणजे कुणीही खोटारडा नसताना खोटं तयार होऊ शकतं. अशा ठिकाणी 'मी काही लपवलं नाही' हा बचाव पुरत नाही. प्रश्न वेगळा विचारावा लागतो: माझ्या गैरहजेरीत दुसऱ्याला हे पान पहिल्यापासून चालवता येईल का?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली होती. त्यातली जेवढी चालवून पाहता आली, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच एररशिवाय शेवटपर्यंत चालली. पानावर आधीपासून असलेलंच उत्तर पुन्हा दिलं ते जेमतेम ४ टक्क्यांनी. एवढे सगळे लोक लबाड असणं शक्य नाही. कुणाकडे लायब्ररी बदलली असेल, कुणाची फाइल फक्त स्वतःच्याच लॅपटॉपवर असेल. प्रामाणिक असणं आणि प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या हाती देता येणं, यात एवढं अंतर आहे.

यात पणाला काय लागतं? कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ कोसळते. सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्यांनी या आकड्याचा भरपूर आधार घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागितली. एका सूत्रात पाच देश सुटलेले निघाले. काही वर्षांची आकडेवारी गाळलेली होती, आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीवरही त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला. त्यांच्या हिशेबाने उणे ०.१ टक्क्याच्या जागी वाढ २.२ टक्के आली. चूक सापडली, कारण मूळ लेखकांनी फाइल दिली. हे श्रेय त्यांचंच.

मग कर्नल रीस्टार्ट करायचा, सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवायचे, उत्तर तेच आलं की झालो प्रामाणिक? इथे दुसरी अडचण आहे. मी वीस आलेख काढले, एकोणीस फेकले आणि मनासारखा एक ठेवला, तर तो एक शंभर वेळा जसाच्या तसा येईल. पान चालतं, पण वाचणाऱ्याला एकोणीस आलेखांचा पत्ता नाही. हे नवं फेअर जर्नलच झालं, फक्त विजेवर चालणारं.

गॅलिलिओने १६१० मध्ये छापलेल्या पुस्तकात वेगळा मार्ग दिसतो. ७ जानेवारीला त्याला गुरूजवळ तीन तारे दिसले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते, तेव्हा गुरूच अपेक्षेच्या उलट दिशेने सरकला असावा अशी शंका त्याला आली. ९ तारखेला आकाश ढगाळ. १० तारखेला दोनच तारे दिसले, आणि मग हलतायत ते तारे हे त्याच्या लक्षात आलं. ती चुकलेली शंका आणि ती ढगाळ रात्र त्याने छापलेल्या पुस्तकात तशीच ठेवली. म्हणूनच वाचणाऱ्याला कळतं की हे चंद्र त्याने आधी ठरवून मग शोधले नव्हते.

म्हणजे सगळंच दाखवायचं का? नाही. विसरलेला कंस, चुकलेलं स्पेलिंग कुणाला नको असतं. माझ्या मते कसोटी अशी आहे: जे कळल्यावर वाचणाऱ्याचा माझ्या उत्तरावरचा भरवसा कमी-जास्त होईल, ते पानावर राहायला हवं. गाळलेले कोरडे दिवस राहायला हवेत. फेकलेले एकोणीस आलेख निदान एका ओळीत राहायला हवेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शिकणाऱ्याला पसारा लागतो. प्रत्येक सेल जपून लिहायला लावला तर 'असं केलं तर काय होईल' हे बघण्याची मजाच जाईल. मान्य. रफ काम हा शिकणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो कुणी हिसकावू नये. पण पान दुसऱ्याला पाठवलं की ते रफ राहत नाही, तो शब्द दिल्यासारखा होतो.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली, तेव्हा डेटासोबत तो तपासायचं नोटबुकही सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. तिथल्या कॉलेजातली एखादी मुलगी आज ब्राउझरमध्ये तो आलेख स्वतः काढू शकते. तिला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही, मोठ्या नावांवरही नाही.

तिच्या प्रॅक्टिकलला मग गुण कशाचे द्यायचे? सरळ आलेखाचे दिले तर ती सरळ आलेख आणून देईल. परीक्षकांनी तिच्यासमोर कर्नल रीस्टार्ट करावा, सगळं पुन्हा चालवायला सांगावं आणि मग विचारावं, 'यातलं काय काय काढून टाकलंस, आणि का?' गुण त्या उत्तराचे असावेत.