पगार वाढला, कार्ड गेलं

२०२४ साली दिवाळी सरल्यावर तो ऑक्टोबरच्या पगाराची स्लिप घेऊन आला, तेव्हा खुशीत होता. आमच्याच वाडीतला, मला काका म्हणणारा. रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिटर. "काका, ईएसआय कापायचं बंद झालं. महिन्याला १६२ रुपये सुटले." मे महिन्यात त्याचा पगार २०,९०० वरून २१,६०० झाला होता. मी विचारलं, "आईच्या शुगरच्या गोळ्या कुठून आणतोस?" म्हणाला, "कार्डावर." आणि मग हातातली स्लिप त्याने पुन्हा एकदा नीट वाचली.

कामगार राज्य विमा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ईएसआय, २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत, पण पगार रुपयाने जरी वर गेला तरी माणूस योजनेबाहेर. १९४४ साली प्रा. अडारकरांनी अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं. तेव्हा ही मर्यादा ४०० रुपये होती. २०१७ च्या जानेवारीत ती १५,००० वरून २१,००० झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून तेलाचे, गॅसचे, शाळेच्या फीचे आकडे कुठे पोचले ते कुणी सांगायला नको. मर्यादा हलली नाही. महागाईला तोंड देण्यापुरते पगार तेवढे हलले. म्हणजे जो बाहेर पडला तो श्रीमंत झाला म्हणून नव्हे. रेषा जागेवर राहिली आणि तो चालत चालत तिच्यापलीकडे गेला.

आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, मिळून ४ टक्के. २१,६०० वर धरले तर महिन्याला ८६४ रुपये, वर्षाला १०,३६८. एवढ्या पैशांत तो, बायको, दोन मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. तपासणी, रोजची औषधं, इस्पितळ सगळं त्यात. आधीपासूनचा आजार आहे म्हणून कुणी थांबवत नाही. त्याशिवाय आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ईएसआयच्या कारभाराबद्दल बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही, पण बाजारात या भावाला हे कुणी देत नाही.

हिशेबात आणखी एक गोष्ट निघाली, ती मला आधी सुचली नव्हती. पगार २०,९०० असताना कंपनी त्याच्यासाठी महिन्याला ६८० रुपये भरत होती. तो मर्यादेबाहेर गेला आणि ते वाचले. पगारवाढ ७०० रुपयांची. म्हणजे ऑक्टोबरपासून कंपनीला ती वाढ २० रुपयांना पडली. यात कंपनीने काही लबाडी केली असं नाही, कायद्याप्रमाणेच सगळं झालं. उतार असायला हवा तिथे कायद्याने कडा ठेवला आहे, इतकंच.

ऑफिसात त्याला "कार्ड बंद झालं" असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं, आणि हे प्रत्येक कामगाराला ठाऊक हवं. पगार मध्येच वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. मे महिन्यातली वाढ असली तरी ३० सप्टेंबरपर्यंत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. त्यात वर्गणीचे किमान ७८ दिवस भरलेले हवेत, ते त्याचे केव्हाच भरले होते. म्हणजे त्याचं कार्ड ३० जून २०२५ पर्यंत चालणार होतं. नोव्हेंबरात वाढ मिळाली असती तर मार्चपर्यंत वर्गणी आणि डिसेंबरअखेरपर्यंत लाभ. हातात सात-आठ महिने होते, आणि मेडिक्लेम घ्यायचा तर तो याच महिन्यांत. नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हे दिवस जुन्या छपराखाली बसून काढता येतात. कार्ड संपल्यावर जो धावाधाव करतो तो पावसात कौलं शाकारायला चढतो.

मग एजंट आले. चौघांची एक फ्लोटर पॉलिसी आणि आईची वेगळी, असं त्यांनी मांडून दिलं. वर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा हा कर शून्य झाला, पण कंपन्यांना त्यांच्या खर्चावरची कराची वजावटही आता मिळत नाही, तेव्हा सगळा फायदा आपल्या खिशात येईलच असं धरून चालू नये.) वर्षभराची पगारवाढ ८,४०० रुपये. एकट्या आईचा हप्ताच त्यात बसेना.

स्वस्तात काय मिळतं? १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. अटी सगळीकडे त्याच, हप्ता मात्र ज्याचा त्याचा. म्हणून भावांची तुलना करणं सोपं. प्रत्येक बिलातले ५ टक्के आपले. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. महागडी खोली घेतली की डॉक्टरच्या फीसकट बिल त्या प्रमाणात कापलं जातं, हे बहुतेकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं. संजीवनी सोडून दुसरी पॉलिसी घ्यायची तर आपल्याकडच्या माणसाने आणखी एक अट वाचायलाच हवी. काही कंपन्या गावाप्रमाणे हप्ता ठरवतात. रत्नागिरी म्हणून हप्ता कमी पडतो, आणि मुंबईत उपचार घेतले की बिलाचा काही टक्का आपल्यावर येतो. मोठा आजार झाला की आपण जातो कुठे? आंबा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईला.

सरकारची दुसरी झोळी आहेच, आणि ती पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, हे मान्य करायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती. १ जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्डही चालतं आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात या योजनेवर शस्त्रक्रिया झालेली माणसं आमच्याही ओळखीत आहेत. त्याचे वडील ७१ वर्षांचे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं, ते त्यांना मिळालं. पण ही झोळी ठरलेल्या उपचारांची आहे. यादीत नाव असलेला आजार आणि यादीत नाव असलेलं रुग्णालय, दोन्ही जुळायला हवं. आईच्या रोजच्या गोळ्या, मुलीचा दर पावसाळ्यातला दमा, तपासण्या हे सगळं त्यात नाही. घर वर्षभर पोखरतं ते हेच.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. खासगी कंपनीतून दुसऱ्या खासगी कंपनीत जायचं तर २०११ पासून पोर्टेबिलिटी आहे. आधी भरलेली वर्षं वेटिंगमधून, म्हणजे जुन्या आजाराचा क्लेम मिळेपर्यंत थांबावं लागतं त्या काळातून, वजा होतात. नोकरीतली ग्रुप पॉलिसी सुटली तरी त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन ती वर्षं वाचवता येतात. ईएसआयमधून येणाऱ्याला यातलं काही नाही. जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंतचं वेटिंग त्याला पहिल्या दिवसापासून. नोंदी नाहीत म्हणावं तर विमा क्रमांक दहा आकडी आणि जन्मभर एकच. कोणत्या सहामाहीत किती वर्गणी भरली ते सगळं संगणकात आहे. ही वर्षं धरायला विमा नियामकाने सांगितलं, तर अडचण ती काय?

आणि बाहेर काढायचंच कशाला? किमान पाच वर्षं योजनेत राहून निवृत्त झालेल्याला ईएसआय वर्षाला १२० रुपयांत पतिपत्नीचे उपचार देते. निवृत्ताला दार उघडं आणि बढती मिळालेल्याला बंद. दोन्ही वाटे स्वतः भरायला तयार असलेल्या कामगाराकडून ८६४ रुपये घ्यायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचं अनुकरण करावं असं कुणी म्हणणार नाही, पण तिथेही १९८६ च्या कायद्याने नोकरी सुटलेल्याला पूर्ण हप्ता स्वतः भरून साधारण १८ महिने जुनाच विमा चालू ठेवता येतो. त्या कायद्याला म्हणतात कोब्रा. रत्नागिरीत हा शब्द जपून वापरावा लागतो, ते सोडा.

शेवटी त्याने आईची छोटी पॉलिसी काढली आणि चौघांची संजीवनी. दुचाकी बदलायचं लांबणीवर टाकलं. अर्ज भरताना एजंट हळूच म्हणाले, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." मी तिथेच बसलो होतो. खोटं लिहिलं तर क्लेमच्या वेळी हात वर करायला कंपनीला तेवढंच पुरतं. पाच वर्षांनंतर जुन्या गोष्टी उकरता येत नाहीत असा नियम आहे, पण फसवणूक त्यातून वगळली आहे.

त्याने पेन घेतलं आणि आईच्या नावापुढे लिहिलं : मधुमेह, २०१८ पासून. साल पाठ होतं, कारण कार्डावर पहिली गोळी त्याच वर्षी मिळाली होती. एजंटांनी त्या आकड्याभोवती गोल केला. आजार जुना आहे एवढं त्यावरून ठरलं आणि वेटिंग डिसेंबर २०२४ पासून सुरू झालं.