देहावरचा हक्क आणि कायद्याची मर्यादा

अमेरिकेतल्या लिबर्टेरियन विचारात गर्भपाताच्या प्रश्नाने उभी फूट पाडली आहे. राज्यसंस्थेने माणसाच्या खासगी आयुष्यात हात घालू नये, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. तरीही लिबर्टेरियन विचारवंत मरे रॉथबार्ड स्वतःच्या देहावरील स्वामित्वाचा आधार घेऊन म्हणतात, की स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्या शरीरात राहण्याचा हक्क कुणालाच नाही. १९७६ मध्ये ‘लिबर्टेरियन्स फॉर लाइफ’ ही संघटना स्थापणाऱ्या डोरिस गॉर्डन त्याच विचारसरणीतून उलट टोकाला पोहोचतात: कुणावरच आक्रमण करायचे नसेल, तर गर्भावरही करता येणार नाही. लिबर्टेरियन पक्षाच्या जाहीरनाम्यात हा निर्णय ज्याच्या-त्याच्या सद्सद्विवेकावर सोडणारे कलम होते. २०२२ मध्ये तेही गाळले गेले. वाद बहुतेक वेळा गर्भ ‘व्यक्ती’ आहे की नाही, इथेच अडतो. पण तो मुद्दा गर्भाच्या बाजूने मान्य केला, तरी कायद्याच्या सक्तीचे समर्थन होत नाही, असे मला वाटते.

१९७८ चा पेनसिल्व्हेनियातला खटला पाहा. रॉबर्ट मॅकफॉल यांना जीवघेणा रक्तविकार होता आणि अस्थिमज्जेचे रोपण हाच आशेचा मार्ग होता. पहिल्या तपासणीत नात्यातले डेव्हिड शिम्प जुळले, पण त्यांनी पुढे नकार दिला. न्यायाधीशांनी तो नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला, तरीही सक्तीचा आदेश दिला नाही. मॅकफॉल थोड्याच दिवसांत वारले. मॅकफॉल व्यक्ती होते, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तरीही दुसऱ्याच्या देहावर त्यांना हक्क सांगता आला नाही. नीती आणि कायदा यांच्यातली ही रेषा गरोदर स्त्रीपाशी आल्यावरच का पुसावी?

यावर गॉर्डन यांचा आक्षेप वजनदार आहे: शिम्पनी तो आजार दिला नव्हता, गर्भ मात्र स्त्री-पुरुषांच्या कृतीतून निर्माण होतो. पण अपघाताला जबाबदार असलेल्याकडूनही कायदा भरपाई घेतो, मूत्रपिंड घेत नाही. शिवाय हा आक्षेप बलात्कारातून राहिलेल्या गर्भाला लागूच पडत नाही. दुसरा आक्षेप असा, की मदत नाकारणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे. इथे काही कबूल करावे लागते. मिफेप्रिस्टोन हे गर्भपाताचे औषध प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य रोखते, म्हणजे गर्भाला मिळणारा आधार काढून घेते. उशिराच्या काही शस्त्रक्रियांबद्दल असे म्हणता येत नाही. म्हणून लिबर्टेरियन विचारवंत वॉल्टर ब्लॉक यांचे म्हणणे मला पटते: गर्भ बाहेर जगू शकत असेल, तेव्हा गर्भारपण संपवण्याचा हक्क उरतो, त्याच्या मृत्यूचा हक्क उरत नाही.

गर्भपात अयोग्य मानणाऱ्याने समजावावे, आईला आधार द्यावा, मूल दत्तक घ्यावे. हे सारे स्वातंत्र्याच्या चौकटीत बसते. पण पोलीस आणि तुरुंग यांच्या धाकाने नऊ महिने वसूल केलेले मातृत्व बसत नाही. आणि राज्यसंस्थेला तो अधिकार देणाऱ्याने निदान तो स्वातंत्र्याच्या नावाने देऊ नये.