जुन्या कठपुतळीचा रंग

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारा गृहस्थ स्वतःस त्या वस्तूंचा त्राता समजतो, आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतींत ही समजूत वावगी नसते. पोथीला वाळवी लागूं नये, हें पोथीच्या मूळ धन्यालाही हवेंच असतें. परंतु राजस्थानांतील एखादी जुनी कठपुतळी संग्राहकाच्या कपाटांत येते, तेव्हां प्रश्न इतका सोपा राहत नाहीं. ज्या भाट मंडळींचें पोट तिच्यावर चाले, त्यांची परंपरागत रीत अशी कीं, बाहुली खेळास निरुपयोगी झाली म्हणजे प्रार्थना करून ती नदींत सोडावयाची. ती जितका अधिक वेळ तरंगेल तितकें शुभ, असें सांगतात. म्हणजे आपण जिला नाशापासून वांचविलें म्हणतों, तिला वस्तुतः तिच्याच माणसांनीं नेमलेल्या शेवटापासून अडविलेलें असतें. हा अधिकार आपणांस कोणीं दिला?

या बाहुलीची घडण पाहावी. डोकें लांकडाचें, कोरून रंगविलेलें. हात कापडाचे, आंत चिंध्या भरलेले. पाय बहुधा नाहींतच, ती उणीव पायघोळ घागरा झांकतो. दोऱ्या थोड्या, आणि पाश्चात्य बाहुल्यांस असते तशी लांकडी चौकटही नाहीं. दोरी थेट खेळियाच्या बोटांत. तो तोंडांतल्या बांबूच्या ‘बोली’तून शिटीसारखा स्वर काढतो आणि त्याची बायको ढोलकीच्या साथीनें गात कथा पुढें नेते. अमरसिंह राठोडाच्या कथेंतला दरबार असल्याच बाहुल्यांनीं भरतो. खेळ चालला कीं घागरा झिजतो, रंग उडतो. मग नवें कापड, नवा रंग.

येथें संग्राहक विचारील, “खेळियानें रंग दिला तर चालतो, मग मीं दिला तर काय बिघडलें?” प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. माझ्या मतें फरक हेतूंत आहे. खेळिया रंगवितो तो उद्यांच्या खेळासाठीं; कंदिलाच्या उजेडांत मागें बसलेल्या पोराला डोळे दिसले पाहिजेत, एवढीच त्याची चिंता. संग्राहक रंगवितो तो कालच्या रूपासाठीं, आणि तो काल कोणता हें तोच परस्पर ठरवितो. पहिला रंग खरा, कीं शेवटच्या खेळाचा? पहिल्यासाठीं वरचे थर खरवडणारा मधल्या पिढ्यांचें काम पुसतो. नवा थर चढविणारा सगळ्यांचेंच झांकून टाकतो.

डागडुजीच नको, असें माझें म्हणणें नाहीं. कीड आवरावी, ओल टाळावी, सुटलेली शिवण पुढें उसवतां येईल अशा चार टांक्यांनीं धरून ठेवावी. दोरी घासून पडलेला चर मात्र बुजवूं नये. तो दोष नव्हे, बोटांची साक्ष आहे. (आमच्या सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत बाहुली टांगतांना तोच आधीं बुजविला जातो, ही गोष्ट निराळी.)

रंग द्यावयाचाच, तर ज्याच्या हातीं दोरी आहे त्यानें द्यावा. हें अशक्य नाहीं. आपल्या कोंकणांत कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर समाजांत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या व चित्रकथी हे तिन्ही खेळ आहेत. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय सरल्यावर त्यांवर कठीण दिवस आले. परशुराम गंगावणे यांनीं २००६ सालीं आपल्या गोठ्यांतच त्यांचें संग्रहालय मांडलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. मला मोल वाटतें तें याचें कीं, तेथें संग्राहक आणि खेळिया एकाच घरांतले आहेत. जुनी बाहुली झिजली तर नवी कशी करावयाची हें त्या घराला ठाऊक आहे, म्हणून जुनीला तरुण करण्याची घाई तेथें नाहीं.

नदीची गोष्ट राहिली. बाहुली विकत घेणारानें विकणाऱ्या भाटास आधीं विचारावें, “बाबा, हिला पाण्यांत सोडावयाची होती काय?” तो ‘होय’ म्हणाला, तर तेवढेच पैसे देऊन त्याच्याकडून एक नवी करून घ्यावी, आणि जुनी त्याच्यापाशीं राहूं द्यावी.