लाल डब्याचा अविश्वास

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या उपनगरांत गवत कापायच्या यंत्रांची घरघर सुरू होते, आणि तिच्या मागोमाग एक तक्रारही. तक्रार असते गराजच्या कोपऱ्यातल्या लाल प्लास्टिकच्या डब्याची. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांना 'गॅसचा डबा' म्हटलं की आधी सिलिंडरच आठवतो. पण हा डबा साधा, एक ते पाच गॅलनचा. मोअर, लीफ ब्लोअर, स्नो ब्लोअर, जनरेटर अशा सगळ्यांचं पोट तो भरतो. तक्रार त्याच्या तोंडाबद्दल असते. बटण दाबा, कडी फिरवा, चोच टाकीच्या काठावर टेकवून जोर द्या, तेव्हा कुठे धार येते. तीही गुडगुडत, थांबत थांबत. शेवटी हातावर सांडतंच. "कुठल्या शहाण्याने हे बनवलं?" हा प्रश्न मी मराठी मंडळाच्या पिकनिकला ऐकला आहे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही.

प्रश्न वैतागातून येतो, पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. मी सज्ञान आहे, नीट ओतू शकतो. तरीही या वस्तूने माझ्यावर अविश्वास का दाखवावा? आणि तिने तो दाखवला, तर तो माझा अपमान आहे का?

जुना डबा सरळ होता. पुढे लांब चोच, मागे हवा आत यायला छोटं झाकण. मागचं झाकण उघडलं की धार अखंड पडायची. अडचण अशी की ते झाकण बहुतेक वेळा उघडंच राहायचं, चोचीचं बूच हरवायचं, आणि पेट्रोलची वाफ दिवसरात्र बाहेर पडत राहायची. कॅलिफोर्नियाने २००१पासून डब्यांवर नियम लावले, आणि जानेवारी २००९पासून तसेच नियम साऱ्या देशाला लागू झाले. आपोआप मिटणारी चोच आली, मागचं भोक गेलं. २००८च्या एका कायद्याने लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं केलं. डिसेंबर २०२०मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि जुलै २०२३पासून बनणाऱ्या डब्यांच्या तोंडात ज्वाळा आत शिरू न देणारी जाळी किंवा तशी काही योजना असणं बंधनकारक झालं.

वैतागलेल्या माणसाला हे सगळं एकच वाटतं: सरकारची लुडबुड. पण हे तीन नियम तीन वेगळ्या नैतिक कारणांसाठी आहेत, आणि ती कारणं वेगळी केल्याशिवाय तक्रार योग्य की अयोग्य ते ठरवता येत नाही.

पहिलं कारण वाफेचं. आजच्या नियमाप्रमाणे डब्याने दर गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सोडायची नाही. म्हणजे पाच गॅलनच्या डब्याला दिवसाला दीड ग्रॅम. एवढ्याशा वाफेने कोणाचं काय बिघडतं? एकट्या डब्याने काहीच नाही. पण लाखो गराजांतली वाफ उन्हाळ्याच्या दिवसांत गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना भेटते आणि सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. तो दम्याच्या रुग्णाच्या छातीत जातो. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, ज्याने कर्करोग होतो. तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४च्या पुस्तकात एक कल्पित उदाहरण दिलं आहे. हजार माणसं हजार बटणं दाबतात. प्रत्येक बटणामुळे प्रत्येक पीडिताच्या वेदनेत जी भर पडते ती त्याला जाणवणारही नाही इतकी बारीक असते, पण सगळी मिळून वेदना असह्य होते. मग दोषी कोण? "माझ्या बटणाने कोणाला काही झालं नाही," असं प्रत्येकजण खरंच म्हणू शकतो. आपल्याकडे थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीचं कौतुक करायला वापरतात. इथे तीच म्हण उलटी लागू पडते.

या बाबतीत 'माझा डबा, माझी मर्जी' हा युक्तिवाद टिकत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९मध्ये स्वातंत्र्याची जी सीमा आखली ती दुसऱ्याला होणाऱ्या इजेपाशी होती. वाफ माझ्या कुंपणाशी थांबत नाही.

दुसरं कारण लहान मुलांचं. भारतात शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवायची पद्धत घरोघरी होती, आणि पाणी समजून ते प्यायलेली मुलं रुग्णालयात येत, हे जुन्या पिढीतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्या मुलाने कुठलाही धोका पत्करलेला नसतो. त्याच्या वतीने तो आपण पत्करतो, आणि किंमत ते मोजतं. घट्ट झाकणाचा त्रास मला रोज होतो आणि मी तो मोजू शकतो. झाकणामुळे न भाजलेलं मूल मात्र कोणालाच दिसत नाही, त्याला नाव नसतं, चेहरा नसतो. काळजी यशस्वी झाली की तिचा पुरावाच उरत नाही, म्हणून ती नेहमी वायफळ वाटते. म्हणून 'माझ्या घरी कधी काही झालं नाही' हे वाक्य झाकणाच्या विरोधात पुरावा म्हणून चालत नाही.

तिसरं कारण सर्वात वादाचं आहे. ज्वाळारोधक जाळी कोणासाठी? जो शेकोटीवर किंवा जळत्या पाचोळ्यावर डब्यातून पेट्रोल ओततो त्याच्यासाठी. डब्यावर तसं करू नका असं ठळक लिहिलेलं असतं. तरी तो ओततो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. डबा काठोकाठ भरलेला असला तर आतली वाफ इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही. पण तळाशी थोडंच पेट्रोल उरलं असेल, ते जुनं असेल किंवा थंडी असेल, तर आत वाफ आणि हवेचं नेमकं पेटणारं मिश्रण तयार होऊ शकतं. ज्वाळा तोंडातून आत शिरते आणि डबा पेटतं पेट्रोल लांबवर फेकतो. जाळी ज्वाळेची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्वाळा पलीकडे जात नाही. तत्त्व जुनंच आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५मध्ये कोळसा खाणीतल्या दिव्याभोवती तीच जाळी बसवली होती.

अशा अपघातांचे खटले मियामी, ओक्लाहोमा इथल्या ब्लिट्झ या डबे बनवणाऱ्या, देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीवर इतके झाले की २०१२मध्ये ती बंद पडली. नोकऱ्या गेल्या, गावाला फटका बसला. दोन्ही बाजू ऐकल्या तर दोन्ही पटतात. एक म्हणते, सूचना धाब्यावर बसवणाऱ्याचा भुर्दंड बनवणाऱ्याने का भरावा? दुसरी म्हणते, स्वस्तात बसणारी जाळी माहीत असूनही बसवली नाही, मग हात झटकता कसे येतील?

मला दुसरी बाजू जास्त पटते, पण माणूस मूर्ख असतो म्हणून नव्हे. चूक आणि शिक्षा यांत काही प्रमाण असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. क्षणभराच्या अविचाराला जन्मभराची भाजलेली त्वचा ही शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाने दिली तर आपण तिला क्रौर्य म्हणू. मग तीच शिक्षा डब्याच्या रचनेने दिली तर तिला 'स्वतःची जबाबदारी' का म्हणावं? शिवाय शेकोटीभोवती बसलेली मुलं डबा ओतणारी नसतात.

आता अपमानाकडे येऊ. महाराष्ट्रात पेट्रोलपंपावर बाटली घेऊन गेलात तर नकार मिळू शकतो. फेब्रुवारी २०२०मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळण्यात आलं, तेव्हा सुट्या पेट्रोलच्या विक्रीची चर्चा पुन्हा पेटली. तिथला अविश्वास हेतूवर आहे आणि तो माणसाने माणसावर करायचा आहे. पंपावरचा पोरगा गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवतो. ओळखीचा आहे, मोटारसायकल बंद पडली म्हणतोय, देऊन टाक. अनोळखी आहे, कपडे मळके आहेत, याला नको. माणसाचा अविश्वास असा निवडक असतो. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो व्हिसाच्या खिडकीवर किंवा विमानतळावरच्या 'सहज' तपासणीत भेटलेला आहे. तिथे बोचते ती तपासणी नाही. रांगेतून मलाच बाजूला घेतलं, हे बोचतं.

डब्याला चेहरा वाचता येत नाही. तो शल्यविशारदाशी आणि बागकाम करणाऱ्याशी सारखाच हट्टाने वागतो. अविश्वास अपमान ठरतो तो निवडक असतो तेव्हा. सर्वांवर सारखाच केलेला अविश्वास म्हणजे माणूस थकतो, घाईत असतो, विसरतो, या साध्या सत्याची कबुली आहे. ब्रुनो लातूर यांनी १९९२च्या एका निबंधात दाखवलं होतं की आपण आपली नीती वस्तूंकडे सोपवत असतो. दार आपोआप मिटतं, पट्टा लावेपर्यंत गाडी ओरडते. डब्याची चोच त्यातलीच. तिच्यावर रागावणं म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेल्या कमकुवतपणावर रागावणं आहे.

पण युक्तिवाद इथे थांबवला तर तो अर्धा राहील. अविश्वास सारखा असला तरी ओझं सारखं नसतं. नियम लिहिताना डोळ्यांसमोर घरमालक असतो, जो आठवड्यातून एकदा डबा उचलतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गवत मात्र ट्रेलर घेऊन येणारी माणसं कापतात. बहुधा तीही स्थलांतरितच, फक्त वेगळ्या व्हिसाची किंवा बिनव्हिसाची. ती दिवसभरात कितीतरी वेळा इंधन भरतात. माझी कधीतरीची कटकट त्यांच्या मनगटाचं रोजचं दुखणं होते, आणि चोच गळकी असेल तर जास्त बेंझिन त्यांच्याच हातांवर पडतं. वाफ अडवणारा डबा पेट्रोल सांडत असेल, तर तो आपल्याच हेतूशी बेइमान आहे.

म्हणून बाजारात 'फक्त पाण्याच्या डब्यांसाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या साध्या चोची विकल्या जातात. त्या कोणत्या डब्यावर बसणार हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. हा डोळा मारण्याचा व्यवहार मला वाफेपेक्षा घातक वाटतो. एका नियमाकडे हसून काणाडोळा करायची सवय लागली की माणूस चोच आणि जाळी यांत फरक करत नाही. वैतागात दोन्ही उपटून टाकतो, आणि ज्या भागाने जीव वाचला असता तोही कचऱ्यात जातो. माझं मत असं की सर्वांवर अविश्वास दाखवण्याचा हक्क ज्याने घेतला, त्याने सर्वांना वापरता येईल अशी वस्तू द्यायचं ऋण पत्करलं. ते ऋण नियम करणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी नीट फेडलेलं नाही. आपणही तक्रार चोचीपुरती ठेवावी, जाळीवर ती काढू नये.

आणि डबा कितीही शहाणा झाला तरी बरंच काही आपल्याकडेच उरतं. पंपावर तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरायचा, नळीचं तोंड त्याला टेकलेलं ठेवायचं, कारण पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर साठलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. काठोकाठ भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. यंत्र तापलेलं असताना त्यात ओतायचं नाही. गराजात पाणी तापवायचा गॅसवरचा बंब असेल तर डबा तिथे ठेवायचाच नाही, कारण वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीवरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचते. यातलं काहीही कुठलीही चोच आपल्यासाठी करत नाही.

कॅलिफोर्नियात २०२४पासून बहुतेक नवी छोटी यंत्रं धूर न सोडणारीच असावीत असा नियम आहे. बॅटरीचे मोअर सगळीकडे दिसू लागले आहेत. आणखी काही वर्षांनी लाल डबा अडगळीत जाईल. तोवर तो शेजाऱ्याने मागितला तर जरूर द्यावा. देताना चोच कशी दाबायची ते दाखवावं, आणि मोअर थोडा थंड होऊ द्या, एवढंही सांगावं.