दोन प्रती

दसरा झाला की माजलगाव तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रित्या होऊ लागतात. उचल घेतलेली कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरं. कुणी आजीपाशी, कुणी हंगामी वसतिगृहात, कुणी मामाच्या घरी. गेल्या हिवाळ्यात अशा काही मुलींच्या वर्गात मी एक गोष्ट सांगितली, शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ची.

दहा वर्षांची पोरकी जेन मामीच्या घरी वाढतेय. मामा वारलेला. एका दुपारी ती खिडकीत पडद्याआड बसून पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक बघते आहे. मामेभाऊ तिला शोधून काढतो. ही पुस्तकं आमची, तू आमच्या अन्नावर जगणारी, असं सुनावतो आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. तिचं डोकं फुटतं. शिक्षा होते ती तिलाच, आणि तिला एका खोलीत कोंडून ठेवतात.

वर्ग चिडीचूप झाला. मामाच्या गावाचं आपल्याकडे केवढं कौतुक! पण दुसऱ्याच्या घरात आपलं ताट वाढलं जाताना मन कसं आक्रसतं, हे त्या मुलींना समजावून सांगावं लागलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, “मग तिनं वाचायचं सोडलं का?”

नाही सोडलं. जिनं ही कादंबरी लिहिली तिनंही सोडलं नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॉवर्थ या गावी एका पाद्र्याच्या घरात शार्लट वाढली. आई लहानपणीच गेली, मावशीनं सांभाळलं. पाद्र्यांच्या मुलींसाठी चालवलेल्या ज्या शाळेत तिला घातलं होतं, तिथून तिच्या दोन मोठ्या बहिणी क्षयानं खंगून घरी आल्या आणि १८२५ साली गेल्या. कादंबरीतल्या शाळेतली करपलेली लापशी, गोठलेलं पाणी आणि मरणाच्या दारातली मैत्रीण हे सारं त्याच दुःखातून आलं. विशीत तिनं एका नामवंत कवीला आपल्या कविता पाठवल्या. बाईच्या जातीनं साहित्याला आयुष्याचा व्यवसाय करू नये, असा सल्ला आला.

पुढं मावशीनं मागं ठेवलेल्या पैशांतून शार्लट, एमिली आणि ॲन या तिघी बहिणींनी १८४६ साली आपल्या कवितांचं पुस्तक छापलं. बाईचं लेखन म्हणून कुणी वेगळ्या मापानं मोजू नये यासाठी करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी नावं घेतली. वर्षभरात पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. फक्त दोन!

त्या मोजक्या वाचकांपैकी एकानं प्रकाशकामार्फत कवींच्या सह्या मागितल्या. तिघींनी एकाच कागदावर आपापली टोपणनावं लिहून पाठवली. तो कागद आजही जपलेला आहे. मला तो वाचक फार मोठा वाटतो. त्याला ना खरी नावं ठाऊक होती, ना या पुस्तकाचा फारसा बोलबाला होता. आपल्याला आवडलं एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं कळवलं.

त्याच वर्षी शार्लटचे वडील मँचेस्टरला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून होते. तिची पहिली कादंबरी प्रकाशकांकडून साभार परत येत होती. त्या दिवसांत, वडिलांची शुश्रूषा करता करता, तिनं ‘जेन एअर’ लिहायला घेतली. ऑक्टोबर १८४७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि वाचकांनी डोक्यावर घेतली. काही महिन्यांत दुसरी आवृत्ती निघाली.

पुस्तक हातात धरण्यासाठी बाईला मोजावी लागलेली किंमत मराठी घरांनाही नवी नाही. रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोचून बोलावं, हे त्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा मुलींच्या मनातलं खरं बोलण्यासाठी लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड उभं राहावं लागलं. हॉवर्थच्या त्या घरात या विभावरींना, म्हणजे मालतीबाई बेडेकरांना, कुणी परकं मानलं नसतं.

म्हणून माजलगावच्या वर्गातला तो प्रश्न मला मोलाचा वाटला. कादंबरीतलं प्रेम, वाडा, त्याचं रहस्य यांतलं काहीच त्या मुलीनं विचारलं नाही. जेनचं वाचन टिकलं का, याची तिला काळजी होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या लेकीची काळजी माजलगावच्या सिंदफणा नदीकाठची मुलगी करते, यापेक्षा मोठी दाद कोणत्या लेखिकेला हवी असेल? विद्वानांनी ‘जेन एअर’वर पुष्कळ लिहिलं आहे आणि ते वाचावंही. पण पुस्तक जगतं ते अशा काळजीवर.

आपल्या आजूबाजूलाही अशी पडद्याआडची खिडकी असते. कधी चुलीपाशी, कधी वसतिगृहाच्या जिन्यात, कधी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. आज तिथं एखादी मुलगी वाचताना दिसली, तर कामाला हाक मारण्याआधी तिला एवढं विचारा, “काय वाचतेस गं?” आणि तिचं सांगणं संपेपर्यंत तिच्यापाशी बसा.